जुन्या ऑफिस कॉम्प्लेक्सला काच आणि स्टीलचं नवं दर्शनी रूप द्यायचंय, अनुभवी लोकांनी सांगा

शरणपूरकर:
नमस्कार मंडळी. शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं ऑफिस कॉम्प्लेक्स आहे, ग्राउंड प्लस चार, १९८७ चं बांधकाम. खाली दुकानं, वर वकील, सीए, विमावाले, दोन क्लासेस आणि एक पॅथॉलॉजी लॅब. सोसायटी रजिस्टर्ड आहे आणि यंदा सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आहे. बाहेरून बिल्डिंगची अवस्था खरंच वाईट झालीय, गिलावा फुगलाय, छज्ज्यांच्या खालून सळया दिसतात, प्रत्येकाने आपापल्या मनाने ग्रिल नि स्लायडिंग लावलंय, एसीची आउटडोअर युनिटं जिथे जागा मिळेल तिथे लटकलीत आणि पाट्या तर एकावर एक. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचा एक तुकडा पार्किंगमध्ये पडला, खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

आता एका कॉन्ट्रॅक्टरने मीटिंगमध्ये थ्रीडी चित्रं दाखवली. समोरची पूर्ण बाजू निळ्या काचेची, बाजूच्या भिंती एसीपी म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलच्या, खाली स्टीलचा पोर्च. छज्जे सगळे कापून टाकायचे म्हणतोय म्हणजे काच सपाट बसेल. निम्मी मंडळी चित्र बघूनच हो म्हणाली, २०२७ च्या सिंहस्थाआधी करून टाकू असंही चाललंय. माझ्या मनाला हे पटत नाहीये पण नक्की काय विचारायचं तेही कळत नाही. समोरची बाजू पश्चिमेला आहे, उत्तरेला बारा फुटी गल्ली, पूर्वेला मागचं पार्किंग, दक्षिणेला शेजारची बिल्डिंग चिकटून. तळाला चार फुटापर्यंत काळ्या दगडाचं बांधकाम आहे, ते मात्र अजून मस्त आहे.

नाशिकमध्ये कोणी केलंय का असं काम? काय बघावं, कोणाला आधी बोलवावं?

पाथर्डी_फाटा:
करा, बिनधास्त करा. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तीन वर्षांपूर्वी जागा शोधत होतो तेव्हा कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड सगळीकडच्या जुन्या बिल्डिंगा बघितल्या. लोकेशन उत्तम, भाडं कमी, तरी घेतलं नाही कारण बाहेरून क्लायंटला आणायची लाज वाटेल अशी अवस्था. मुलाखतीला आलेली मुलं खालूनच परत जातील असं वाटायचं. जुन्या भागातली चांगली जागा अशीच ओस पडत गेली आणि सगळे इकडे नव्या बिल्डिंगांत आले. त्यामुळे तुमच्या सोसायटीला काहीतरी करावंसं वाटतंय हेच मोठं आहे. फक्त चेहरा बदलून थांबू नका, लिफ्टची लॉबी, टॉयलेट, जिन्यातले लाइट, पार्किंगच्या खुणा हे पण धरा त्यातच.

सळई_सिमेंट:
शरणपूरकर, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. छज्ज्याचा तुकडा पडलाय असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्या दृष्टीने अख्ख्या धाग्यातली महत्त्वाची गोष्ट तीच आहे. बिल्डिंग १९८७ ची म्हणजे ३० वर्षं कधीच उलटली, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट व्हायलाच हवं. झालंय का? नसेल तर काचेचं बोलणं आजच बंद करा आणि ऑडिट लावा.

ऑडिट म्हणजे कोणीतरी येऊन दहा फोटो काढून सही करून जाणं नव्हे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, कव्हर मीटर, दोन-चार ठिकाणी कोअर काढून दाबून बघणं, आणि दोन टेस्टचा आग्रह धरा कारण त्या टाळल्या जातात. एक कार्बोनेशनची. काँक्रीटचा ताजा खड्डा करून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारतात, गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कलाइन आहे म्हणजे सळईला संरक्षण आहे, रंग आलाच नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथपर्यंत शिरलाय. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंज लागणारच. दुसरी हाफ सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणं. कॉपर सल्फेटच्या सेलवर रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

हे का सांगतोय तर त्या काळात आरसीसीला एम १५ काँक्रीट चालायचं (एमपुढचा आकडा म्हणजे त्याची ताकद), कमीत कमी एम २० ची अट आयएस ४५६ या भारतीय मानकात २००० साली आली. भूकंपात बिल्डिंग एकदम न मोडता वाकावी म्हणून सळया कशा बांधायच्या, त्या डक्टाइल डिटेलिंगचा आयएस १३९२० कोड १९९३ चा. म्हणजे तुमची बिल्डिंग या दोन्हींच्या आधीची आहे. आणि आयएस १८९३ च्या २०१६ च्या भागात नाशिक भूकंपाच्या झोन तीनमध्ये आहे. लगेच घाबरायचं कारण नाही, पण तिच्या अंगावर नवीन काही टांगायच्या आधी ती काय पेलू शकते हे माहीत असायला हवं.

आता वजनाचं. काचेचं प्रत्येक मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरचं वजन अडीच किलो भरतं. सहा-बारा-सहाच्या डबल ग्लासचं, म्हणजे सहा मिमीच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिमी पोकळी, ३० किलो, ॲल्युमिनियमच्या फ्रेमसकट ५० च्या आसपास धरा. नऊ इंची वीटकाम दोन्हीकडून गिलाव्यासकट त्याच क्षेत्राला ५०० किलोच्या आसपास जातं. त्यामुळे भिंत काढून काच लावली तर वजन उलट कमी होतं. पण तुमचा कॉन्ट्रॅक्टर बहुतेक भिंत ठेवून तिच्यावरच फ्रेम ठोकणार, मग ते सगळं जास्तीचं. शिवाय वाऱ्याचा जोर वेगळा, आयएस ८७५ मध्ये नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय आणि बिल्डिंगच्या कोपऱ्यांवर आतून बाहेर ओढणारा जोर सगळ्यात जास्त असतो. हा जोर अँकर बोल्टमधून बीममध्ये जायला हवा. विटेत नाही, छज्ज्यात तर अजिबात नाही.

गाळा_नं_४:
मी दुसऱ्या एका जुन्या कॉम्प्लेक्समधला तळमजल्याचा गाळेधारक, म्हणून आमची बाजू पण मांडतो. आमच्याकडे असं काम निघालं तेव्हा खालच्या दुकानदारांना कोणी विचारलंच नाही. सहा महिने परांची दुकानासमोर, गिऱ्हाईकाला दुकान उघडं आहे की बंद तेच कळेना, दिवाळीचा सीझन तसाच गेला. वर्गणी मात्र क्षेत्रफळाप्रमाणे सारखी. काम चांगलं झालं हे कबूल, पण त्रासाची वाटणी सारखी नव्हती. तुम्ही सेक्रेटरी आहात तर आधी खालच्यांना बसवून बोला. परांचीखालून जायला पक्कं छप्पर, समोरून पाट्या दिसतील अशी जागा आणि सणाच्या दिवसांत खालचा भाग मोकळा, हे लेखी घ्या. आणि पाट्यांसाठी एक सलग पट्टा ठेवा, मराठी देवनागरी पाटी कायद्याने लागतेच, तेव्हा सगळ्यांच्या एका उंचीच्या, एका आकाराच्या केल्या तर अर्धी शोभा तिथेच येते.

गोदाकाठ:
मी आर्किटेक्ट. सळई_सिमेंट यांनी लिहिलंय त्यातला शब्द न शब्द पटला. मी उन्हाबद्दल लिहिते कारण समोरची बाजू पश्चिम आहे म्हटल्यावर मला राहवेना.

नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. डिसेंबरात दुपारी बाराला तो दक्षिणेला ४६-४७ अंश उंच असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटाचा साधा छज्जा पुष्कळ काम करतो. पश्चिमेला मात्र छज्जा अपुरा पडतो कारण चारनंतर ऊन समोरून आडवं येतं, आणि मार्च ते मे, जेव्हा आपल्याकडे पारा ४० ला टेकतो, नेमकं तेव्हाच ते सगळ्यात त्रासदायक असतं. आहेत ते छज्जे पण कापून तिथे सपाट काच लावायची म्हणजे होती ती थोडी सावलीही घालवायची.

हिशोब करून दाखवते. पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर उन्हाळ्यातल्या दुपारी चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरू. साध्या पारदर्शक काचेतून त्यातलं ८० टक्के आत येतं. १०० चौरस मीटर काच असेल तर ४८ किलोवॅट उष्णता आत, एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट, म्हणजे फक्त त्या काचेपायी १३-१४ टन एसी. तेच चांगल्या लो-ई म्हणजे उष्णता अडवणारा पातळ थर असलेल्या काचेचा एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा, ०.२५ असेल तर १५ किलोवॅट, चार-सव्वाचार टन. आणि काचेच्या बाहेर सावली केली तर ऊन मुळात काचेवर पडतच नाही, याहून स्वस्त एसी नाही.

ईसीबीसी २०१७, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीचा कोड, त्यात उत्तर सोडून बाकी बाजूंना एसएचजीसी ०.२७ च्या वर नको म्हटलंय, आपल्या अक्षांशावर उत्तरेला ०.५० पर्यंत चालतो, आणि साध्या मार्गाने जायचं तर काचेचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच. हा कोड १०० किलोवॅट जोडभाराच्या वरच्या इमारतींसाठी आहे, तुम्ही त्यात बसा न बसा, आकडे मात्र वापरा. कोटेशनमध्ये 'निळी रिफ्लेक्टिव्ह काच' एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. एसएचजीसी, यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने काचेतून किती उष्णता जाते तो आकडा, आणि व्हीएलटी, म्हणजे उजेड किती आत येतो तो आकडा, हे तिन्ही लिहून मागा. गडद काच लावून उष्णता थोडी थांबते पण उजेड जास्त थांबतो, मग भर दुपारी नाशिकसारख्या लख्ख उन्हाच्या गावात ट्यूबलाइट लावून बसायचं. शिवाय रिफ्लेक्टिव्ह काच ऊन परत फेकते ते समोरच्या घरांवर. लंडनमध्ये २०१३ साली २० फेनचर्च स्ट्रीटच्या आत वळलेल्या काचेने रस्त्यावर उभ्या कारचे भाग वितळले होते, तुमची भिंत सपाट आहे त्यामुळे तेवढं होणार नाही, पण समोरच्या बंगल्यातल्या लोकांना संध्याकाळी गॅलरीत बसता येणार नाही एवढं नक्की होईल.

तिसरा_मजला:
गोदाकाठ ताई, खूप धन्यवाद, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी सीए आहे, माझं ऑफिस पश्चिमेला पूर्ण काच असलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी दोननंतर सगळे ब्लाइंड खाली, म्हणजे काच असून बाहेरचं काही दिसत नाही, आणि काचेजवळच्या दोन टेबलांवर कोणी बसायला तयार नसतं. खिडकी एकही उघडत नाही. नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरंतर पंख्याचीही गरज नसते, सकाळी तर छान गार हवा असते, पण आम्ही तेव्हाही एसी लावतो कारण बंद काचेत गुदमरल्यासारखं होतं. आधीच्या जुन्या ऑफिसात दोन्हीकडून खिडक्या होत्या, दिसायला साधं होतं पण हवा खेळती असायची. शरणपूरकर, तुमच्याकडे पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, हे फार मोठं सुख आहे, ते बंद करू नका हो.

आणि एक विनंती, कामाचं वेळापत्रक करताना वरच्या लोकांचे पण सीझन बघा. आमचा जुलै रिटर्नचा, सप्टेंबर ऑडिटचा. क्लासवाल्यांचा फेब्रुवारी-मार्च. लॅबला धूळ अजिबात चालणार नाही. एकेक बाजू घ्या, पूर्ण बिल्डिंग एकदम उघडी करू नका.

पाथर्डी_फाटा:
ब्लाइंडचं खरंय, आमच्याकडे पण कायम खालीच असतात. पण ताई, लोक भाड्याने जागा घेताना आधी बाहेरूनच बघतात, मग आत येतात. छज्जा, जाळी, दगड हे ऐकून कमिटीतले तरुण मेंबर म्हणतील की एवढा खर्च करून पुन्हा जुनीच बिल्डिंग दिसणार असेल तर कशाला. मला स्वतःला काच आवडते. कमी उष्णतेची घ्या पण घ्याच असं माझं मत.

गोदाकाठ:
काच घेऊ नका असं माझं म्हणणं नाहीच. काच उत्तरेला घ्या, मनसोक्त घ्या. तिथे वर्षभर सारखा, डोळ्यांना त्रास न देणारा उजेड मिळतो, ऊन फक्त उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं येतं. गल्ली आणि रस्त्याचा कोपरा उत्तर-पश्चिमेचा आहे, रस्त्यावरून येताना तोच कोपरा आधी दिसणार, तिथे जिना किंवा लॉबी असेल तर तिथे काच आत-बाहेर उजळून दिसेल. आणि पश्चिमेला स्टील घ्या. उभे फिन म्हणजे सावलीचे पट्टे, किंवा लेझर कट जाळी, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, त्यामागे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या. मधल्या जागेत चालायला ग्रेटिंग, म्हणजे लोखंडी जाळीची फळी, टाकलं की साफसफाईपण तिथूनच होते आणि एसीची आउटडोअर युनिटं पण तिथेच ओळीत बसतात. हे पूर्ण आधुनिकच दिसतं, आणि शेजारच्या प्रत्येक बिल्डिंगसारखं निळं नाही दिसत. तळाचा काळा दगड ठेवा, साफ करून सांधे भरून घ्या. त्या दगडावर स्टील फार सुंदर दिसतं.

आउटडोअर युनिटांवर थोडं जास्त लिहिते कारण जुन्या बिल्डिंगच्या कामात हमखास इथेच घोळ होतो. थ्रीडी चित्रात युनिटं कधीच नसतात. काम झाल्यावर लोक काच कापून पाइप बाहेर काढतात, नाहीतर युनिटं बंद लुव्हरच्या मागे कोंबतात, मग गरम हवा तिथेच फिरत राहते, एसी थंड करत नाही आणि बिल वाढतं. जाळी निम्म्याहून जास्त मोकळी हवी, युनिटचं तोंड बाहेर हवं, पाण्याचा निचरा एका पाइपला हवा. ऑफिसवार युनिटं मोजून जागा आधी आखा, मग बाकीचं डिझाइन.

लाल_गाडी:
अग्निशमन क्षेत्रात आयुष्य गेलं, आता सल्ल्याची कामं करतो. वरची चर्चा चांगली चाललीय पण आगीचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो, आणि कळकळीने लिहितो.

काचेच्या बंद बिल्डिंगमध्ये माणूस ज्वाळांच्या आधी धुराने जातो. २३ फेब्रुवारी २०१० ला बंगळूरच्या कार्ल्टन टॉवर्समध्ये ९ जण गेले, ऑफिसचीच बिल्डिंग, धूर भरला आणि लोकांनी काचा फोडून खाली उड्या मारल्या. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी हॉस्पिटलमध्ये ९० च्या आसपास माणसं गेली, तिथेही बंद काचेमागे धूर कोंडला होता. साधी सरकती खिडकी असलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये धुराला निदान वाट असते.

एनबीसी २०१६ म्हणजे राष्ट्रीय इमारत संहितेत काचेच्या दर्शनी भागाबद्दल स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारी फायर पॅनेल हवीत, १ मीटर बाय १ मीटरपेक्षा लहान नको, बाहेरच्या भिंतीवर १० मीटरपेक्षा जास्त अंतर नको, त्या मजल्याच्या फरशीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर हाताने उघडता यायला हवीत आणि त्यावर तसं लिहिलेलं हवं. नंतर त्याच्यासमोर फायलींचं कपाट ठेवायचं नाही. दुसरं, स्लॅबची कड आणि काचेची फ्रेम यात फट राहते, चार-सहा इंचाची. ती वरपर्यंत सलग उघडी ठेवली तर खालच्या दुकानातली आग धुराड्यातून गेल्यासारखी चौथ्या मजल्यावर पोचते. ही फट प्रत्येक मजल्यावर फायर रेटेड मटेरियलने, स्लॅबच्या रेटिंगइतक्याच, बंद करायची असते. हे काम नंतर कोणाला दिसत नाही, म्हणून करताना उभं राहून बघा, फोटो काढा.

आता एसीपी. दोन ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये भरलेलं काय आहे ते विचारा. साधं पॉलिएथिलीन असेल तर ते जळतं, वितळून थेंब थेंब खाली पडतं आणि खाली दुसरी आग लावतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली, तिथे क्लॅडिंगच्या पॅनेलमध्ये हेच पॉलिएथिलीन होतं. 'एफआर (आग रोखणारं) आहे साहेब' हे तोंडी उत्तर चालणार नाही. टेस्ट रिपोर्ट मागा, रिपोर्टवरचा माल आणि साइटवर आलेला माल एकच आहे का ते पॅनेलच्या मागचा शिक्का बघून पडताळा. जमलं तर एसीपी टाळाच, सॉलिड ॲल्युमिनियम पत्रा किंवा फायबर सिमेंट बोर्ड घ्या.

आणि तुमचं फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, नियमित जातंय ना, जानेवारी आणि जुलैला? २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे ते सोसायटीचं काम आहे. दर्शनी भाग बदलताना नगररचना आणि अग्निशमन दोन्हीकडून लेखी घ्या. जाळी दोन फूट पुढे येणार म्हणजे मार्जिन कमी होणार, ते यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, बसतं का ते ड्रॉइंगवर आधी तपासा. लोखंड उभं राहिल्यावर नोटीस आली तर कोणाचंच भलं नाही.

शरणपूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून कमिटीला वाचायला दिलंय. ऑडिटसाठी तीन कोटेशनं मागवली. आता अडलंय पैशावर. फंडात जे आहे त्यात दुरुस्ती होईल, फसाड नाही. खालचे म्हणतायत आमच्या दुकानाला जाळीचा उपयोग काय, मागच्या बाजूचे म्हणतायत आमच्याकडे तर काहीच बदलत नाही मग सारखी वर्गणी का. कोणी सोडवलंय का हे?

गाळा_नं_४:
आमच्याकडे शेवटी दोन हिशोब वेगळे केले. स्ट्रक्चरची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, फायर, लिफ्ट ही सगळ्यांची, क्षेत्रफळाप्रमाणे, त्यात वाद नको कारण कॉलम सगळ्यांचा एकच. दर्शनी भागाचा खर्च वेगळा, त्यात ज्याच्या समोर आहे त्याने जास्त. आणि गच्चीवरच्या सोलरच्या जागेचं, होर्डिंगचं जे उत्पन्न असेल ते त्यातच टाकलं. सर्वसाधारण सभेत ठराव करून, सह्या घेऊन. तोंडी हो म्हणालेला माणूस दुसऱ्या हप्त्याला फिरतो. १८ टक्के जीएसटी वर लागतो तो पहिल्याच आकड्यात दाखवा, आमच्याकडे तो शेवटी आला आणि भांडणं झाली.

सळई_सिमेंट:
हा दोन हिशोबांचा मुद्दा फार चांगला. त्यातून क्रमही आपोआप लागतो. आधी ऑडिट, मग सुटं काँक्रीट काढून सळई साफ करणं, जिथे कापली गेलीय तिथे नवी जोडणं, पॉलिमर मॉर्टर, गरज असेल त्या कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नव्या सळया-काँक्रीटचा थर. मग गच्ची नि टॉयलेटची गळती. ओल बंद केल्याशिवाय वरून काही झाकलं तर आत गंज चालूच राहतो आणि दिसत मात्र नाही. उघड्या भिंतीवर निदान तडा दिसतो, डाग दिसतो, माणूस सावध होतो.

गोदाकाठ:
यावर न्यूयॉर्कच्या लीव्हर हाउसचं उदाहरण आठवलं. १९५२ ची बिल्डिंग, काचेच्या पडद्यासारख्या दर्शनीसाठी जगभर शिकवली जाते. पाणी आत शिरत राहिलं, आतलं साधं पोलाद गंजून फुगलं आणि त्याने काचा तडकत गेल्या. शेवटी २००० च्या आसपास अख्खं बाहेरचं आवरण नव्याने बसवावं लागलं. तिथे तर बिल्डिंग नवी असतानाच काच लावलेली होती, इथे आपण ३५ वर्षांहून जुन्या काँक्रीटवर लावणार आहोत.

अंबडचा_फॅब्रिकेटर:
राम राम. अंबडला आमचं फॅब्रिकेशन आहे, ॲल्युमिनियम आणि एमएस म्हणजे साधं पोलाद, दोन्ही करतो. आर्किटेक्ट ताईंनी जाळीचं सांगितलं ते आपल्याकडे सहज होण्यासारखं आहे, सातपूर-अंबडला लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग सगळं मिळतं, बाहेरगावावरून काही आणायला नको. काचेचं पॅनेल मात्र बाहेरून येतं आणि एक फुटलं की महिनाभर फळी लावून बसावं लागतं, म्हणून प्रत्येक साइजची एक-दोन काच जास्तीची ऑर्डरमध्येच घालून ठेवा. टफन, म्हणजे तापवून कडक, झाल्यावर काच कापता येत नाही, भोकपण पाडता येत नाही, सगळं माप आधी. जुन्या बिल्डिंगमध्ये एकही ओळंबा सरळ नसतो, वरच्या नि खालच्या स्लॅबच्या कडेत दोन इंच फरक सहज निघतो, त्यामुळे प्रत्येक मजल्याचं लेव्हल मशीनने माप घेतल्याशिवाय काचेची ऑर्डर देणाऱ्याला काम देऊ नका.

बाकी कामातल्या गोष्टी. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं, साडेतीन मीटरच्या मलियनला (फ्रेमच्या उभ्या पट्टीला) ५० डिग्री फरकात चार मिमी, आणि पश्चिमेच्या उन्हात सकाळ-दुपारचा फरक भरपूर पडतो. म्हणून ब्रॅकेटला लांबट भोक आणि जोडाला फट लागते, सगळं घट्ट आवळून टाकलं की कुरकुर आवाज येतो, मग सीलंट फाटतं, मग गळती. एमएसचा ब्रॅकेट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा पॅड हवाच, नाहीतर ओल आली की जोड खातो. एमएस हॉट डिप गॅल्व्हनाइज करून आणा आणि साइटवर बोल्टने जोडा, वेल्डिंग मारलं की तिथलं झिंक जळतं आणि पहिला गंज तिथूनच सुरू. केमिकल अँकर मारल्यावर काही अँकर इंजिनिअरसमोर ओढून बघायचे, जुन्या काँक्रीटमध्ये तर नक्कीच.

काच चिकटवायचं स्ट्रक्चरल सिलिकॉन फॅक्टरीत, धूळ नसलेल्या जागी लावायचं असतं आणि पूर्ण वाळल्यावरच पॅनेल उचलायचं. परांचीवर बसून गनने मारणारे लोक आहेत, त्यांना लांब ठेवा. टफन काच कधीकधी आपोआप फुटते, आतल्या निकेल सल्फाइडच्या बारीक कणामुळे, म्हणून हीट सोक केलेली, म्हणजे फॅक्टरीत तापवून तपासलेली, मागा, आणि लोकांच्या डोक्यावर येणाऱ्या पोर्चला लॅमिनेटेडच, फुटली तरी मधल्या फिल्मला धरून राहते. डबल ग्लासची सीलची वॉरंटी साधारण १० वर्षांची मिळते ती काच कंपनीकडून लेखी घ्या, सील गेलं की आत बाष्प धरतं आणि ते पुसता येत नाही.

अजून एक, धुवायचं कसं ते आधी ठरवा. बोअरच्या पाण्याने काच धुतली की पांढरे डाग पडतात आणि ते बसले की निघत नाहीत. गच्चीवर दोरीसाठी पक्के हुक आत्ताच टाकून घ्या. आणि जाळीच्या मागे कबुतरं शिरतात, वरून आणि बाजूने बंद करा.

तिसरा_मजला:
जाळीमागे कबुतरं हा मुद्दा लॅबवाल्यांसाठी फार महत्त्वाचा. आणि मधमाश्यांचं पण बघा, आमच्या बिल्डिंगच्या कडेला आग्या मोहोळ बसलं होतं, खिडकी उघडत नसल्यामुळे आतून काही करता येईना आणि खालून रस्ता बंद ठेवावा लागला.

शरणपूरकर:
अपडेट देतो. ऑडिट झालं. पश्चिमेचे दोन कॉलम आणि जवळजवळ सगळे छज्जे खराब निघाले, बाकी फ्रेम दुरुस्त होण्यासारखी आहे. दोन कॉलमना जॅकेटिंग सांगितलंय. छज्ज्यांबद्दल इंजिनिअर म्हणाले की खराब आहेत ते तसेही काढावेच लागतील, पण त्यांच्या जागी सावली दिल्याशिवाय काढू नका. सभेत सळई_सिमेंट यांचा वजनाचा हिशोब आणि गोदाकाठ ताईंचा एसीचा हिशोब फळ्यावर मांडला. तो १३ टनांचा आकडा बघून निळ्या काचेवाले मेंबर स्वतःच म्हणाले की बिल कोण भरणार. लाल_गाडी काकांचं फायर पॅनेलचं वाचून दाखवल्यावर एसीपीचा विषय ठरावातून काढला.

ठराव असा झाला: दुरुस्ती, गळती आणि फायर यंदाच, क्षेत्रफळाप्रमाणे. पश्चिमेला गॅल्व्हनाइज्ड स्टीलचे उभे फिन, मागे उघडणाऱ्या खिडक्या. कोपऱ्यातला जिना आणि उत्तरेची लॉबी काचेची. दगड राहणार. सिंहस्थाची घाई करायची नाही, गर्दीच्या काळात परांची उतरवलेली असेल एवढंच बघायचं. मार्जिनचं ड्रॉइंग नगररचनाकडे दिलंय, त्यात अडचण आली तर फिनची खोली कमी करावी लागेल. ताई, अडीच फुटाऐवजी दीड फूटच मिळाला तर चालेल का?

गोदाकाठ:
चालेल, फक्त फिन जवळजवळ घ्या आणि सरळ न लावता थोडे उत्तरेकडे वळवा. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य पश्चिमेच्या जवळपास मावळतो आणि दुपारभर नैर्ऋत्येकडून येतो, फिनची पाठ त्याच्याकडे राहील आणि उत्तरेचा उजेड फटीतून आत येईल. दीड फुटात ग्रेटिंगवरून माणूस मात्र नीट चालू शकणार नाही, तेव्हा खिडकी आतून पुसता येईल अशी आत उघडणारी घ्या, आणि युनिटं मागे पूर्वेला पार्किंगच्या बाजूला न्या. पाइपची लांबी वाढेल, ती एसीवाल्याकडून तपासून घ्या. आत उघडणाऱ्या खिडक्या धरल्या तर लाल_गाडी काका, फायर पॅनेल बाहेर उघडणारीच लागतील ना, फिनच्या मागे ती कशी बसवायची?

लाल_गाडी:
पॅनेलसमोर फिन नको. जिथे पॅनेल येतंय तिथे सव्वा मीटरचा भाग मोकळा सोडा, नाहीतर फिनचा तेवढा तुकडा बिजागरीवर, बाहेरून उघडणारा करा, कुलूप न लावता. शिडी तिथे टेकणार आहे हे ड्रॉइंगवर लिहा आणि खाली तेवढ्याच जागेत गाड्या लावू नका.

अंबडचा_फॅब्रिकेटर:
बिजागरीवाला करता येईल, वजन बघून तीन एसएसच्या बिजागऱ्या टाकू. पण आधी एका खिडकीचा पूर्ण नमुना उभा करून घ्या, कोणाकडूनही करा, खरा फिन, खरी खिडकी, खरा अँकर, आणि पाइपने जोरात पाणी मारून बघा. गळालं तर तिथेच कळेल. आणि ते पॅनेल लॅबमधल्या एखाद्या ताईंना उघडायला सांगा. त्यांच्या एका हाताने उघडलं तरच पास करा.